आबांचा मासा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय थोडा विचित्र आहे, पण घरातला आहे, त्यामुळे नातेवाईक मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. निम्म्या लोकांना यातली अर्धी गोष्ट माहीतच आहे.

तर झालं असं. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास गंगाखेडहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. आबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. म्हणाला, "दादा, आम्ही एक ठरवायलोत. आबांच्या नावानं गंगेत महासीरची पिल्लं सोडायची. हजारभर. लोणावळ्याला मिळतात म्हणं. तू पुण्यात आहेस, जरा चौकशी कर की."

(बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा. गावाचं नावच तिच्यावरून. जनाबाईंचं गाव म्हणून तुम्ही ऐकलं असेल, ते हेच. आणि तालुक्यातल्या आमच्या धरणाचं नाव मासोळी. म्हणजे माशांचा विषय आमच्या नकाशातच आहे!)

आबांचा मासा हा आमच्या घरातला जुना विषय. जायकवाडीच्या आधीची गोष्ट. पूर ओसरल्यावर घाटाच्या खालच्या अंगाला डोहात भोई लोकांनी एक मासा धरला. आबा तेव्हा विशीतले. मासा त्यांच्या उंचीचा होता, दोघांनी बांबूला अडकवून आणला तरी शेपूट वाळूवर घासत होतं, असं ते सांगायचे. दरवर्षी मासा थोडा वाढायचा ही गोष्ट वेगळी! पुढे म्हातारपणी त्यांनी टीव्हीवर महासीरचा एक कार्यक्रम पाहिला आणि टुणकन उठून बसले. "हाच तो!" तेव्हापासून आबांचा मासा म्हणजे महासीर, हे घरात पक्कं झालं.

मी 'हो' म्हणून फोन ठेवला आणि वाचायला बसलो. वाटलं होतं दोन दिवसांत पत्ता आणि भाव काढून देऊ. पण एकातून एक निघत गेलं आणि शेवटी मी भावाला वेगळंच उत्तर दिलं. ते का, हे सांगण्यासाठी हा सगळा इतिहास.

सुरुवात जरा लांबून करतो. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा. त्याचं राज्य आपल्या मराठवाड्यावरही होतं. त्यानं साधारण ११३० च्या आसपास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं मन कसं रमवावं याची त्यात प्रकरणं आहेत आणि त्यात एक 'मत्स्यविनोद' आहे. गळ कसा असावा, कोणत्या माशाला कसलं आमिष, असं सगळं. ८०० वर्षांनी, १९५१ मध्ये, डॉ. सुंदरलाल होरा या मोठ्या मत्स्यशास्त्रज्ञानं त्यावर इंग्रजीत लिहिलं, तेव्हा लोकांना कळलं की आपल्याकडे हे शास्त्र इतकं जुनं आहे. म्हणजे मोठ्या माशाचं वेड आबांपासून सुरू झालेलं नाही.

त्यानंतरचा आपल्या कामाचा माणूस म्हणजे कर्नल साइक्स. विल्यम हेन्री साइक्स, मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनभर हिंडून त्यानं जमिनीपासून पक्ष्यांपर्यंत सगळ्याच्या नोंदी केल्या. १८३९ साली त्यानं दख्खनच्या माशांवरचा निबंध छापला. मला त्यातली नावं फार आवडली. त्यानं बऱ्याच माशांना इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचीच नावं दिली आणि ती शास्त्रात कायमची बसली. शिंगाळ्याचं 'सीनघाला', घोगऱ्याचं 'गोग्रा'. आणि पुण्याच्या मुळा-मुठेतल्या एका मोठ्या, निळसर परांच्या माशाला त्यानं नाव दिलं 'खुद्री'. आजही त्याचं शास्त्रीय नाव 'टोर खुद्री'. हाच आपला दख्खनी महासीर. पुणे-मावळात त्याला खडशी म्हणतात.

त्याच निबंधात त्याच मुळा-मुठेतला आणखी एक राक्षस आहे. बिनखवल्यांचा, चपट्या डोक्याचा, दगडांत दबा धरून बसणारा. 'यारेली'. त्याला खिरीट म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता महासीर म्हणजे नेमकं काय? रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याचा मासा. हाताच्या तळव्याएवढे खवले, जाड ओठ, तोंडाशी दोन जोड्या मिशा. इंग्रज साहेबांना याचं भलतंच वेड. एच. एस. थॉमस नावाच्या साहेबानं १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि महासीरला डोक्यावर घेतलं. गळानं धरलेल्या सगळ्यात मोठ्या महासीरची प्रसिद्ध नोंद १९४६ ची आहे. म्हैसूरजवळ कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी धरलेला, १२० पौंडांचा. म्हणजे ५४ किलो! आबा ऐकते तर म्हणाले असते, "बस्स?"

आपल्याकडे याला मारण्यापेक्षा जपण्याची रीत जास्त जुनी. देहूला इंद्रायणीच्या डोहात मोठे मासे असायचे, त्यांना कुणी हात लावायचं नाही, लोक चुरमुरे टाकायचे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथेही देवीचे मासे म्हणून कुणी पकडत नाही. नदीचा एक तुकडा देवाच्या नावानं राखून ठेवायचा, बस. मासा वाचवण्याचा एवढा स्वस्त उपाय नंतर कुणाला सुचलेला नाही.

पण देव डोह राखू शकतो, नदी नाही. धरणं आली, कारखाने आले, वाळू उपसली गेली, सुरुंग लावून मासे मारणारे आले. महासीर पावसाळ्यात वर चढतो आणि स्वच्छ वाहत्या पाण्यात, गोट्यांवर अंडी घालतो. वाट अडली आणि गोट्यांवर गाळ बसला की संपलं. १९७० च्या सुमाराला जाणकारांच्या लक्षात आलं की हा मासा झपाट्यानं कमी होतोय.

इथे लोणावळा येतं. आणि इथे मला या इतिहासातली पहिली गंमत दिसली.

लोणावळ्याची वळवण वगैरे तळी टाटांनी वीज करण्यासाठी बांधली. घाटावर पाणी साठवायचं, नळांतून खाली खोपोलीला सोडायचं, आणि मुंबईला दिवे लावायचे. खोपोलीचं वीजघर १९१५ ला सुरू झालं. पुढे याच कंपनीच्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचा, हे आपण शाळेत शिकलो. म्हणजे नद्या अडवणारी कंपनी. आणि १९७० नंतर महासीर वाचवायला पुढे आली तीही हीच. वळवणच्या तळ्याकाठी त्यांनी महासीरचं मत्स्यबीज केंद्र उभं केलं.

त्यामागचा माणूस म्हणजे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक, आणि त्यांच्याबरोबर शशांक ओगले. कुलकर्णींनी १९७१ च्या सुमाराला टोर खुद्रीची वीण, अंडी आणि पिल्लांची वाढ यांवर तपशीलवार लिहिलं, आणि १९७८ मध्ये दोघांनी मिळून कृत्रिम पैदाशीबद्दल. 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या जर्नलमध्ये हे छापलेलं आहे. एका मराठी माणसानं केलेलं हे काम पुढे देशभर गेलं, आणि आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? मला तरी नव्हतं.

काम काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात खरी मजा आहे. रोहू-कटल्याची पैदास तोवर जमली होती. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरींनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांना अंडी घालायला लावलं होतं. म्हणून तर १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन. आज आपल्या बाजारात येणारा बहुतेक कटला-रोहू त्याच विद्येचा. रोहूची मादी लाखांनी अंडी देते आणि दिवसभरात ती फुटून जिरे बाहेर येतात. (मत्स्यजिरे हा खरा शब्द आहे बरं का. अगदी जिऱ्याएवढी पिल्लं. बोटाएवढी झाली की बोटुकली. किती छान शब्द आहेत!)

महासीरचं तसं नाही. अंडी थोडी, तीही एकदम न देता टप्प्याटप्प्यानं. आकारानं मोठी, तीन मिलिमीटरच्या आसपास, पिवळसर, पाण्यात खाली बसणारी. फुटायला तीन-चार दिवस. आणि फुटल्यावरही पिल्लू पोहत नाही. पोटाला बलकाची जड पिशवी असते, ती घेऊन कोपऱ्यात घोळक्यानं पडून राहतं, कित्येक दिवस. नदीत तेवढ्यात कुणीही येऊन खाऊन जातं किंवा गाळाखाली गुदमरतं.

वळवणला त्यांनी हे केलं: पावसाळ्यात ओढे तळ्याला मिळतात त्या तोंडाशी महासीर विणीला येतात. तिथे तयार मादी जाळ्यात धरायची, पोट हलकेच दाबून अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, वर नराचं वीर्य टाकून पिसानं हलवायचं, मग पाणी. ती अंडी उथळ ट्रेमध्ये पसरून वरून सतत वाहतं पाणी सोडायचं. नदीचाच एक छोटा, बिनगाळाचा, बिनशत्रूचा तुकडा! आणखी एक शोध मला फार आवडला. ही अंडी ओल्या कापसात ठेवली तर पाण्याशिवाय प्रवास करू शकतात. म्हणजे पाण्याचे पिंप न वाहता, डब्यात कापसाच्या थरांमध्ये नदी बांधून परराज्यात पाठवता येते. वर्षानुवर्षं लोणावळ्याहून लाखो अंडी-पिल्लं वेगवेगळ्या राज्यांत गेली.

मोठे मासे पाळून वाढवणं सगळीकडेच अवघड. वयात यायला वर्षं लागतात, जागा लागते, आणि नदीला पूर आल्याशिवाय त्यांचं मन तयार होत नाही. मेकाँग नदीत एक राक्षसी मासा आहे, जवळपास तीनशे किलोपर्यंत जाणारा. थायलंडनं १९८३ मध्ये नदीतले मासे धरून त्यांची कृत्रिम पैदास जमवली, पण टाकीत जन्मलेल्या माशांना पिल्लं व्हायला २००१ उजाडलं. चीनच्या यांगत्सेमधला तलवारीसारख्या लांब तोंडाचा पॅडलफिश कुणाला पाळून वाढवता आलाच नाही. तो आता पृथ्वीवर नाही. त्याच नदीतला एक स्टर्जन २०२२ मध्ये निसर्गातून नामशेष जाहीर झाला, पण त्याची टाक्यांमध्ये पैदास होत होती, म्हणून जात तरी उरली. हे वाचलं आणि कुलकर्णी-ओगल्यांना मनोमन नमस्कार केला. हॅचरी नसती तर काय होतं, हे यांगत्सेनं दाखवून दिलंय.

इथपर्यंत वाचून मी भावाला फोन करणारच होतो, की चल, सोडू या पिल्लं. बरं झालं नाही केला.

कारण पुढचं प्रकरण कावेरीचं आहे.

कावेरीतही महासीर कमी झाला होता. तिथल्या गळवाल्या मंडळींना काळजी होती, सरकारलाही होती. लोणावळ्याहून मदत मिळत होती. मग खुद्रीची पिल्लं कावेरीत सोडली गेली. सगळ्यांचा हेतू चांगला. पिल्लं तगली, वाढली, पसरली. गळाला पुन्हा महासीर लागू लागले. लोक खूश.

पण कावेरीचा मूळचा महासीर खुद्री नव्हताच. तो वेगळा. पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा. व्हॅन इंगेनचा १२० पौंडी मासा तोच. २०१५ मध्ये एड्रियन पिंडर आणि राजीव राघवन वगैरे संशोधकांनी कावेरीकाठच्या गळ टाकणाऱ्यांच्या कॅम्पमधल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या. एकूण मासे वाढलेले, पण ते निळ्या परांचे. कुबडवाले कमी कमी होत गेलेले, आणि जे मिळत होते ते दरवर्षी अधिक मोठे. मला आधी वाटलं, मोठे मिळतात म्हणजे चांगलंच की! मग ट्यूब पेटली. मोठेच मिळतात म्हणजे लहान नाहीत. घरात फक्त म्हातारी माणसं उरलीत.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ज्या माशाच्या फोटोंनी दोन-तीन पिढ्यांचे दिवाणखाने सजले, त्याला तोवर धड शास्त्रीय नावही नव्हतं. ते २०१८ मध्ये ठरलं. केरळातल्या पांबार नदीतून २००७ मध्ये नोंदलेला 'टोर रेमादेवी' आणि हा कुबडवाला एकच, असं ज्या गटानं दाखवलं, त्यात पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत दोन नोंदी झाल्या. आपला खुद्री, जो आधी 'धोक्यात' होता, तो 'चिंता नाही' या खान्यात गेला. आणि कावेरीचा कुबडवाला 'अतिधोक्यात'.

एकाला वाचवलं ते खरंच वाचवलं. पण तो दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवला. तिथे सुरुंग होते, धरणं होती, वाळूवाले होते, सगळा दोष खुद्रीचा नाही. पण जो आधीच खचला होता त्याच्या ताटात आणखी एक जेवायला बसवला, तोही मदत म्हणून. हे मला फार लागलं. कारण यात खलनायक कुणीच नाही. सगळे आपल्या भावासारखे आणि माझ्यासारखे. भल्या मनाचे, घाईतले.

मग मी गंगाखेडला फोन केला. भावाला नाही, काकूला. विचारलं, "काकू, आबांचा तो मासा तू पाहिला होतास का गं?"

"पाहिला? अरे, त्याचा वाटा घरी आला होता की. मीच साफ केला. नवीच होते घरात."

"खवले केवढे होते त्याचे?"

"खवले?" काकू हसायलाच लागली. "कुठले रे खवले! नुसता गुळगुळीत. हातात धरवत नव्हता. सासूबाईंनी चुलीतली राख दिली, ती चोळून चोळून धुतला, तवा कुठं बुळबुळ गेली. डोकं हे एवढं, चपटं. मी भ्यायले होते."

झालं! महासीरला तळव्याएवढे खवले असतात. राखेनं चोळावा लागतो तो बिनखवल्यांचा मासा. आबांचा मासा महासीर नव्हताच. तो साइक्सचा खिरीट असेल, नाहीतर शिंगाळ्याच्या भाऊबंदांतला एखादा. एवढी वर्षं आम्ही चुकीच्या माशाचा अभिमान बाळगला. आणि काकूला कुणी विचारलंच नव्हतं! गोष्ट सांगायचे आबा, मासा धुतला होता काकूनं.

आणि समजा तो महासीर असता, तरी? साइक्सचा खुद्री भीमेच्या खोऱ्यातला. भीमा जाते कृष्णेला. आमची गंगा तिला कुठेही भेटत नाही. लोणावळ्याचं बीज आणून इथे सोडायचं म्हणजे आधी इथे कोण राहतं हे बघायला हवं. घाटावर हार घालून, फोटो काढून सोडलेली हजार पिल्लं परत बोलावता येत नाहीत. शिवाय जायकवाडी झालं १९७६ ला, नंतर बंधारे झाले. उन्हाळ्यात घाटाखाली जे पाणी असतं ते वाहतं तरी का? वाहत्या पाण्याचा मासा आणून साठलेल्या पाण्यात सोडायचा हा पिल्लांवरही अन्यायच.

भावाला सगळं सांगितलं. तो आधी खट्टू झाला. पत्रिका छापायला दिली होती बिचाऱ्यानं. थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, मग आबांच्या नावानं करायचं काय आपण?"

मी त्याला देहूच्या डोहाचं सांगितलं. शेवटी त्यानं जे केलं ते त्याचंच. घाटाखालच्या डोहावर मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना जाऊन भेटला. त्यातल्या एका म्हाताऱ्याला आबांचा मासा आठवत होता! बोलणं असं झालं की आषाढ-श्रावणात, माशांच्या पोटात गाभोळी असताना, त्या एका डोहात जाळं टाकायचं नाही. लिहून काही घेतलं नाही. पिल्लांसाठी जमवलेल्या पैशातून डोहात अडकलेलं प्लास्टिक आणि फाटकी जाळी काढून घेतली. वर्षश्राद्धाला जेवण झालं, आणि संध्याकाळी सगळे घाटावर जाऊन चुरमुरे टाकून आले. काकू पण गेली होती, काठी टेकत.

या पावसाळ्यात डोह राखला गेला का, तर बऱ्यापैकी, असं भाऊ म्हणतो. दोनदा कुणीतरी रात्री जाळं टाकलं होतं. पुढच्या वर्षी बघू. यातून काय निघेल ते निघेल. पण जे येईल ते इथलं असेल.

कुलकर्णींचं काम यानं लहान होत नाही, उलट मला ते आता जास्त मोठं वाटतं. त्यांनी मासा कसा जन्माला घालायचा ते शोधून दिलं. तो कुठे सोडायचा नाही, हे शिकायला आपल्याला पुढची ४०-४५ वर्षं लागली. ते शिक्षण त्यांच्या ट्रेमध्ये नव्हतं, कावेरीकाठच्या वह्यांमध्ये होतं आणि आमच्या बाबतीत काकूच्या चुलीतल्या राखेत.

असो. फार लांबलं. एक मात्र आहे. घरातल्या ज्या गोष्टी आपण वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या तोंडून ऐकतो ना, त्या एकदा स्वयंपाकघरातही विचारून घ्याव्यात. आणि काकूला हे वाचून दाखवणार असाल तर सावकाश वाचा. ती मध्येमध्ये हसते.